अठरा पूर्ण व्हायच्या आधी: संस्थेतल्या मुलांना स्वतंत्र राहायला तयार करताना

आमच्या बालगृहातून बाहेर पडून जेमतेम आठवडा झालेल्या एका मुलीचा मला रात्री फोन आला. "ताई, एकटीला भात किती लावायचा?"

तीन वर्षं तिने दर रविवारी स्वयंपाकघरात हात लावला होता. साठ मुलांना सहा किलो तांदूळ लागतात, आधण कधी येतं, पातेलं कधी उतरवायचं, हे सगळं तिला पाठ होतं. वाटीचा हिशेब मात्र तिने कधी केलाच नव्हता. पहिल्या दिवशी तिने अंदाजाने अर्धा किलो तांदूळ शिजवले आणि तोच भात पुढे दोन दिवस खाल्ला. मी तिला "पाऊण वाटी" म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. आम्ही तिला स्वयंपाक शिकवला होता, पण साठ जणांचा. तिला राहायचं होतं एकटीने.

बालगृहात दिवस घंटेवर चालतो. उठायची घंटा, जेवायची घंटा, अभ्यासाची घंटा. कपडे देणगीतून येतात, औषध ऑफिसातून मिळतं, शाळेचा फॉर्म अधीक्षक भरतात. यात मूल कामसू होतं, शिस्तीचं होतं, पण निर्णय घ्यायची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही. मग अठरावा वाढदिवस येतो आणि सगळे निर्णय एका दिवसात त्याच्या अंगावर पडतात. घरातल्या मुलाला हेच निर्णय घ्यायला दहा वर्षं मिळतात, आणि पंचविशीतही ते आईला फोन करून विचारू शकतं. म्हणून आपलं काम इतकंच की हे निर्णय एकेक करून आधीपासून मुलाच्या हातात द्यायचे. चूक झाली तर सावरायला आपण शेजारी आहोत, तोवरच.

हा लेख बालगृहातल्या ताई-दादांसाठी, अधीक्षकांसाठी, बालसंगोपन योजनेत भाच्याला किंवा नातीला सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलं स्वतः वाचत असतील तर फारच चांगलं.

आधी नियम माहीत हवेत

बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे 'मूल' म्हणजे अठरा वर्षांखालचं. त्यामुळे बालगृहातला मुक्काम अठराला संपतो. पण सरकारची जबाबदारी तिथे संपत नाही. अठरा ते एकवीस या काळासाठी कायद्यात 'अनुरक्षण' आहे, आपण ज्याला बोलताना आफ्टरकेअर म्हणतो. विशेष परिस्थितीत ते आणखी दोन वर्षं, म्हणजे तेवीसपर्यंत वाढवता येतं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यासाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. याच कायद्याखाली केंद्राने केलेल्या आदर्श नियम २०१६ मध्ये सहा ते आठ जणांनी मिळून राहायची सामूहिक निवासाची व्यवस्था, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, व्यवसायासाठी कर्ज मिळवून द्यायला मदत आणि या गटांच्या नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, इतकं सगळं लिहिलेलं आहे. महाराष्ट्राने आपले नियम २०१८ साली केले.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कायद्याच्या कलम ४६ मध्ये आर्थिक मदत 'देता येईल' असं म्हटलंय, 'दिलीच पाहिजे' असं नाही. म्हणजे ती आपोआप येत नाही, मागावी लागते, वेळेत मागावी लागते आणि कागदावर मागावी लागते. मुलाला सोडण्यापूर्वी किमान दोन महिने आधी परिवीक्षा अधिकारी किंवा केसवर्करने पुनर्वसनाचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबतचे आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, ठेवायचा असतो. 'बघू, अजून वेळ आहे' म्हणत हे दोन महिने निसटतात आणि मूल रिकाम्या हाताने बाहेर पडतं, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

बालसंगोपन योजनेतल्या मुलांचंही तेच. महिन्याचे २,२५० रुपये अठराला थांबतात. ज्या घरात मामा-मावशीची ओढाताण आहे, तिथे ते थांबल्याबरोबर मुलाचं शिक्षणही थांबण्याची भीती असते. हे आधीच धरून चालायला हवं.

पंधराव्या वर्षी: फाइल उघडा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि सगळ्यात महत्त्वाचंही हेच. प्रत्येक मुलाच्या नावाची एक जाड प्लॅस्टिकची फाइल करा. ती ऑफिसच्या कपाटात राहू दे, पण महिन्यातून एकदा मुलाने ती स्वतः उघडून बघायची. आत काय आहे, काय नाही, हे त्याला तोंडपाठ झालं पाहिजे.

सुरुवात आधारपासून करा. वयाच्या पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅनिंग पुन्हा करावं लागतं. ते राहून गेलं की पुढे परीक्षेच्या केंद्रावर, बँकेत, सिमकार्ड घेताना अंगठा जुळत नाही आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि जन्मदाखल्यावर अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते आत्ताच बघा. कित्येक मुलांचं नाव पोलिसांच्या नोंदीत एक, पहिल्या संस्थेत दुसरं आणि शाळेत तिसरं असतं. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी हे सरळ करायला वर्ष मिळतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर एकदा चुकीचं नाव छापलं गेलं की तेच दुरुस्त करायला कितीतरी खेटे घालावे लागतात.

जन्मदाखला नसेल तर उशिरा नोंदणीची प्रक्रिया लगेच सुरू करा, ती महिनोन् महिने चालते. अधिवासाचा दाखला महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. संस्थेचे प्रवेश रजिस्टर आणि समितीचे आदेश हाच वास्तव्याचा पुरावा असतो, तेव्हा त्यांच्या प्रती फाइलमध्ये हव्यात. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत बदली झालेल्या मुलांची जुनी कागदपत्रं मागच्या संस्थेतून हट्टाने मागवून घ्या.

मग अनाथ प्रमाणपत्र. ज्या मुलांचे दोन्ही पालक नाहीत, त्यांच्यासाठी हा एक कागद सगळ्यांत मोठा आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर 'संस्थात्मक' आणि 'संस्थाबाह्य' अशा दोन वर्गवाऱ्या आहेत. म्हणजे संस्थेत वाढलेल्यांनाच नाही, नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथ मुलांनाही हे प्रमाणपत्र मिळतं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्तांच्या सहीने येतं. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफीतही या प्रमाणपत्राच्या मुला-मुलींचा समावेश आहे. प्रमाणपत्र हातात नाही म्हणून प्रवेशाच्या फेरीत जागा हुकली, असं आपल्या मुलाच्या बाबतीत होऊ देऊ नका. दहावीच्या सुट्टीत अर्ज करा.

ज्यांचे आईवडील किंवा नातेवाईक माहीत आहेत, त्यांच्यासाठी वेगळी तयारी. जातीचा दाखला आणि पुढे जात पडताळणी यांना वडिलांकडच्या नात्यातले कागद लागतात. चुलता, आत्या कुणीतरी गावात असेल तर त्यांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत आत्ताच मागून घ्या. म्हातारी माणसं असतात, घरं पडतात, कागद हरवतात.

करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या फाइलमध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. राज्य सरकारने त्यांच्या नावाने पाच लाखांची मुदत ठेव ठेवलेली आहे, ती एकविसाव्या वर्षी मिळते. पीएम केअर्सच्या योजनेतले दहा लाख तेविसाव्या वर्षी मिळतात आणि अठरा ते तेवीस दर महिन्याला विद्यावेतन मिळतं. ही रक्कम मिळणार आहे हे मुलाला स्वतःला माहीत हवं. आणि ती माहीत असलेला दुसरा कोण कोण आहे, यावर आपली नजर हवी. लांबचे काका अचानक प्रेमाने चौकशी करायला लागतात, ते पुष्कळदा याच सुमारास.

सगळ्या कागदांचे फोटो काढून डिजिलॉकरमध्ये आणि मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवायला शिकवा. पासवर्ड मुलाचा, आपला नाही.

सोळाव्या वर्षी: पैसा हातात द्या आणि चुकू द्या

संस्थेतल्या मुलाला पैसा कळत नाही, असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्या हातात पैसा कधी आलेलाच नसतो. साबण किती रुपयांना येतो, हे मी एकदा अकरावीतल्या दहा मुलांना विचारलं होतं. पाच रुपयांपासून शंभर रुपयांपर्यंत उत्तरं आली.

दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः व्यवहार करता येईल असं बचत खातं बँकेत उघडता येतं. ते उघडा. मग जो खर्च संस्था त्याच्यावर करतेच आहे, त्यातला एक छोटा भाग त्याच्याकडे सोपवा. साबण, तेल, टूथपेस्ट, वह्या, सॅनिटरी पॅड, मोबाईलचं रिचार्ज. महिन्याचे पैसे एक तारखेला द्यायचे आणि पुन्हा द्यायचे नाहीत. पहिल्या महिन्यात दहा तारखेलाच पैसे संपतील. संपू द्या. वीस दिवस दुसऱ्याच्या साबणाने अंघोळ करायची वेळ आली की पुढच्या महिन्यात आपसूक हिशेब लागतो. यात ओरडायचं नाही, भाषण द्यायचं नाही, आणि दयेपोटी गुपचूप पन्नास रुपये तर अजिबात द्यायचे नाहीत. मला हे फार जड गेलं, पण ते करायलाच हवं.

सतराव्या वर्षी याच सवयीवर खोलीच्या खर्चाचा हिशेब बसवा. कागदावर एक खरा महिना मांडा. पगार समजा बारा हजार. कॉट बेसिसवर राहायचे तीन हजार, मेसचे तीन हजार, बस किंवा पास आठशे, रिचार्ज तीनशे, साबण-तेल-कपडे-दवाखाना पंधराशे. राहिले चौतीसशे. हे आकडे तुमच्या गावात वेगळे असतील, म्हणून मुलालाच दोन-तीन मेस आणि खोल्या विचारून यायला पाठवा. स्वतः विचारून आणलेला भाव लक्षात राहतो.

अठरा पूर्ण झाल्यावर जुनं खातं सज्ञान म्हणून नव्याने करून घ्यावं लागतं, नवी सही, नवे कागद. ते केलं नाही की ऐन पहिल्या पगाराला खातं बंद सापडतं. त्या वेळी बँकेच्या फॉर्मवर 'वारस' म्हणजे नॉमिनी म्हणून एक रकाना येतो, आणि मुलं तिथे अडतात. एका मुलाला मी काउंटरसमोर पेन हातात धरून दहा मिनिटं उभं राहिलेलं पाहिलंय. मागे रांग खोळंबलेली, आणि त्याचे कान लाल झालेले. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की बँकेच्या ठेवीसाठी नॉमिनी म्हणून रक्ताचंच नातं लागत नाही. मित्र, बहीण मानलेली मुलगी, संस्थेतली ताई, कुणीही चालतं. पीएफचा नियम थोडा वेगळा आहे: कुटुंब नसेल तर कुणाचंही नाव देता येतं, पण लग्न झालं की ती नोंद रद्द होते आणि नव्याने भरावी लागते. घरी बसून असे फॉर्म आधी दोन-चारदा भरून घ्या. वडिलांच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं, तेही आधीच ठरलेलं असू दे.

विम्याचे दोन छोटे हप्ते सुरुवातीलाच चालू करून द्या. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेतल्या अपघात विम्याचे वर्षाला २० रुपये, जीवनज्योती या आयुर्विम्याचे ४३६. पगारातून ईएसआयसी म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी कापली जात असेल तर दवाखान्याचं कार्ड काढून घेतलंय का, ते विचारा. एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू आहे. पण कारखान्यात कापली जाते आणि मुलाला पत्ता नसतो, असं सर्रास होतं.

उधारीबद्दल मात्र स्पष्ट बोला. पहिल्या पगाराच्या बातमीसोबत तीन माणसं येतात. हप्त्यावर मोबाईल विकणारा, पाचशे उसने मागणारा रूममेट आणि मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणारं ॲप. आपली मुलं मायेची भुकेली असतात. कुणी "तू माझा भाऊ आहेस" म्हटलं की खिसा उघडतात. 'नाही' म्हणायचा सराव खरोखर बोलून करून घ्या, नाटकासारखा. मुलं हसतात, पण शब्द तोंडात बसतात.

स्वयंपाक, खोली, दवाखाना

पाऊण वाटीच्या फोननंतर आम्ही एक बदल केला. सतरा वर्षांवरच्या मुलींसाठी एक शेगडी, एक छोटा कुकर, दोन पातेली आणि तवा वेगळा ठेवला. आठवड्यातून एक दिवस एकीने स्वतःपुरता स्वयंपाक करायचा. बाजारहाट तिचीच, भांडी तिचीच, उरलेल्याचं काय करायचं तेही तिनेच ठरवायचं. खिचडी, पिठलं, अंड्याची पोळी, एक पालेभाजी, एक उसळ. इतकं आलं की माणूस उपाशी राहत नाही. मुलांनाही हेच शिकवा. मुलगा आहे म्हणून मेसवर भागेल असं धरलं, तर तो मेस बंद असलेल्या रविवारी वडापाववर दिवस काढतो.

गॅसची टाकी बदलणं, फ्यूज उडाला की काय करायचं, कपडे भिजवायचे किती वेळ, पाण्याची वेळ चुकली तर दिवस कसा काढायचा. ही सगळी कामं एकदा तरी स्वतःच्या हाताने झालेली असावीत.

दवाखान्याचं वेगळं सांगते. मुलाने स्वतः केसपेपर काढून, स्वतः डॉक्टरांना काय होतंय ते सांगून, औषध आणून घेतलेलं असावं. संस्थेत ताप आला की ताई बोलते, मूल गप्प उभं राहतं. ती सवय मोडा. रक्तगट, लहानपणची मोठी दुखणी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, कुठल्या लसी झाल्यात, हे एका कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवा. हे सांगणारी आई त्याच्याकडे नाही. मोठ्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिचं कार्ड बाहेर पडायच्या आधी काढून घ्या.

मनाच्या दुखण्याचंही तसंच. संस्थेत रात्री चाळीस जणांच्या श्वासांत झोपलेलं मूल पहिल्यांदा एकट्या खोलीत झोपतं तेव्हा त्याला शांतता सोसत नाही. कित्येक मुलं लाइट चालू ठेवून, मोबाईलवर काहीतरी लावून झोपतात. हे होणार आहे आणि ते कमकुवतपणाचं लक्षण नाही, असं आधीच सांगून ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये भरून द्या. तो कुठल्याही वेळी लागतो.

शरीरसंबंध, गर्भनिरोधन, नकार देणं आणि नकार ऐकणं यावर संस्थेत कुणी बोलत नाही. बोला. तुम्हाला जमत नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या नर्सताईंना बोलवा.

शिक्षण आणि काम

इथे मला एक तक्रार मांडायचीच आहे. संस्थेतल्या मुलींना शिवणकाम आणि ब्युटी पार्लर, मुलांना वायरमन किंवा ड्रायव्हिंग, हे समीकरण सोडा. तीन महिन्यांचा कोर्स करून फोटो निघतात, पोट भरत नाही. आधी मुलाला विचारा, मग त्याचे मार्क बघा, मग त्या कामात तुमच्या जिल्ह्यात खरोखर नोकरी आहे का ते चौकशी करून बघा. चांगला आयटीआय ट्रेड, नर्सिंग, फार्मसी, हॉटेलचं काम, अकाउंट्स, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा. आरक्षणाचा लाभ घेऊन पदवीपर्यंत जाणारी मुलं वाढायला हवीत.

पण पदवीचा अर्थ तीन-चार वर्षं राहायची सोय. म्हणून कॉलेज निवडताना वसतिगृह आधी बघा. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही परंपरा आहे. रयतच्या कॉलेजांत आणि अनेक विद्यापीठांत ती योजना आजही चालते. तासावर काम, हातात थोडे पैसे आणि शिक्षण चालू. आपल्या मुलांना ती फार मानवते, कारण काम करायची लाज त्यांना नसते.

बारावीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने दोन महिने खरी नोकरी करावी. दुकान, कुरिअर, हॉटेल, झेरॉक्स सेंटर, काहीही. वेळेवर जाणं, मालकाचं बोलणं खाणं, सुट्टी आधी मागणं, हे शिकायला दुसरी शाळा नाही. पहिल्या नोकरीतून काढलं गेलं तर ते संस्थेत राहताना काढलं जाऊ दे, परतायला पलंग असताना.

मुलींच्या लग्नाची घाई करू नका

अठरा झाली, स्थळ आलं, संस्थेने थाटात लग्न लावलं, पाहुण्यांनी अक्षता टाकल्या, वर्तमानपत्रात फोटो आला. कित्येक संस्थांत मुलीची जबाबदारी 'संपवायचा' हा रुळलेला मार्ग आहे. हेतू वाईट नसतो, हे मला माहीत आहे. पण जिला भांडण झाल्यावर जायला माहेर नाही, तिच्या हातात आधी नोकरी आणि स्वतःचं खातं हवं. नाहीतर सासरच्यांना पहिल्या महिन्यातच कळतं की हिच्या मागे कुणी नाही. लग्न तिला करायचं असेल तर जरूर व्हावं, तिच्या मर्जीने, ती कमवायला लागल्यावर. आणि झालं तरी संस्थेने माहेर म्हणून उभं राहावं. पहिल्या दिवाळीला जावई-मुलीला बोलवावं, बाळंतपणात कुणीतरी जावं. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी सखी निवास आणि सरकारी महिला वसतिगृहांची चौकशी आधी करा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकीला तोंडपाठ असू दे.

माणसं जोडून द्या

मुलाला जगवतात ती माणसं. सोळाव्या वर्षापासून प्रत्येक मुलासाठी संस्थेबाहेरचं एक माणूस शोधा. शिक्षक, देणगीदार बाई, जुना विद्यार्थी, शेजारचे काका. महिन्यातून एकदा भेटणारं, फोन उचलणारं, वर्षभर टिकणारं. वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्या आणि पुन्हा न दिसणाऱ्या दहा जणांपेक्षा हे एक माणूस मोलाचं. पोलीस पडताळणी आणि ओळख पक्की केल्याशिवाय मुलाला कुणाकडे एकटं पाठवू नका, हे वेगळं सांगायला नको.

आधी बाहेर पडलेली मुलं हा आपला सगळ्यात मोठा ठेवा आहे. वर्षातून दोनदा त्यांना बोलवा आणि लहानांशी एकटं बोलू द्या, आपण खोलीत न थांबता. खोलीमालक 'तुमचे आईवडील कुठे असतात' म्हणून विचारतात तेव्हा काय सांगायचं, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकत नाही. एका मुलाने लहानांना सांगितलेलं वाक्य मला आवडलं: "जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, खोटं सांगायचं नाही. खोटं लक्षात ठेवावं लागतं."

आईवडील किंवा भावंडं कुठेतरी आहेत अशी मुलं अठराच्या सुमाराला त्यांना शोधायला निघतात. त्यांना अडवू नका. फाइलमधली स्वतःची हकिकत त्यांना आपल्या समोर, समुपदेशकासोबत वाचू द्या, आणि पहिल्या भेटीला सोबत जा. दार उघडणारं माणूस ओळख द्यायला नाकारू शकतं, तेव्हा परतीच्या एसटीत शेजारच्या सीटवर कुणीतरी असावं.

शेवटचे सहा महिने

साडेसतरा पूर्ण झाले की जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी पत्र द्या: हे मूल अमुक तारखेला अठरा पूर्ण करतंय, त्याला अनुरक्षणाची गरज आहे. पोच घ्या. आराखडा समितीपुढे जाईल तेव्हा मूल स्वतः हजर असू दे आणि त्याला बोलू द्या. अनुरक्षणगृहात जायचं असेल तर आधी एकदा जाऊन ते बघून या, मुलाला घेऊन.

मतदार नोंदणीचा अर्ज सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ करता येतो. पॅनकार्डही याच काळात उरका. स्वतःच्या नावाचं सिम अठरा पूर्ण झाल्यावरच मिळतं, ते मिळाल्याबरोबर आधारवरचा मोबाईल नंबर बदलून घ्या. आधारवर ऑफिसचा नंबर राहिला की प्रत्येक ओटीपीसाठी मूल संस्थेला फोन करत बसतं.

खोली मिळवणं अवघड जातं. मालकाला हमी देणारं माणूस हवं असतं. संस्थेच्या लेटरहेडवर ओळखपत्र द्या, डिपॉझिटची रक्कम संस्थेने किंवा देणगीदाराने थेट भरावी, अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्यावा आणि भाडेकरू म्हणून पोलीस पडताळणी करावी. एकट्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून राहणं सुरुवातीला बरं. शक्य असेल तर बाहेर पडायच्या आधी महिनाभर मुलाला तिथे राहू द्या आणि रविवारी परत येऊ द्या. काय काय अडलं, त्याची यादी तो स्वतःच घेऊन येईल.

निघताना सोबत द्या: फाइल, गादी-चादर-ब्लँकेट, कुकर, दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे खात्यात, आणि लहानपणापासूनचे फोटो. फोटो विसरू नका. संस्थेच्या कपाटात गठ्ठ्याने पडलेले ते फोटो मुलाकडे त्याच्या बालपणाचा एकमेव पुरावा असतात.

गतिमंद किंवा बहुविकलांग मुलांसाठी ही वाट नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, वर्षानुवर्षं सांगताहेत की बेवारस दिव्यांग मुलांना अठरा झाल्यावरही त्याच घरी राहता यावं असा कायदा हवा. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. तोवर अशा मुलांसाठी समितीकडे वेगळा अर्ज वेळेत करा.

पहिलं वर्ष

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन, नंतर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांनंतर महिन्याला. फोन आपण करायचा. मुलं करत नाहीत, कारण 'सांगितलं होतं ना, मी जमवेन' हे त्यांना टिकवायचं असतं. "बरं चाललंय ना?" असं विचारलं की "हो" येतं. "आज काय जेवलीस?" "भाडं दिलंस का?" असं विचारा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नोकरी सुटते, हे बहुतेकांचं होतं. त्या वेळी परत यायला आठ दिवसांची जागा ठेवा. सज्ञान माणसाला बालगृहात ठेवता येत नाही, तेव्हा ही जागा आधीच बाहेर बघून ठेवावी लागते: एखाद्या कार्यकर्त्याचं घर, माजी मुलांची खोली.

आणि सण. कंपनीला सुट्टी लागते, मेस बंद होते, रूममेट गावाला जातात. चार दिवस त्या खोलीत एकटं मूल असतं. दिवाळीच्या दहा दिवस आधी फोन करा आणि फराळाला कोणत्या दिवशी येणार, ते विचारून घ्या. येतो म्हणाला तर एसटीचं तिकीट काढलं का, तेही विचारा.